सात डोळ्यांची भरीव मूर्ती

या अंकाच्या संपादकबाई दोनदा घरी येऊन गेल्या. "आबा, तुमच्या धंद्याबद्दल लिहा," म्हणाल्या. मी म्हटलं, धंद्याबद्दल काय लिहायचं? पितळ वितळवायचं, ओतायचं, घासायचं. चव्वेचाळीस वर्षं हेच केलं. आता उजवा हात थरथरतो, गुडघे कधीच गेलेत, आणि समोरचा माणूस तीनदा बोलल्याशिवाय मला ऐकू येत नाही. खरं सांगायचं तर दमलोय. लिहिणंबिहिणं लांबच, कुणी काही विचारलं तरी नको वाटतं. पण बाई चिवट. चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "एखादी चूक तरी झालीच असेल ना इतक्या वर्षांत?"

आता बरोबर नस धरलीत, म्हटलं.

आधी धंदा काय तो सांगतो, म्हणजे चूक कळेल. आम्ही पितळेचे देव ओततो. देव्हाऱ्यातल्या मूर्ती, कुलदैवतांचे टाक, जत्रेतल्या पालखीचे मुखवटे. आधी मूर्ती मेणाची करायची. त्या मेणावर बारीक मातीचे हात द्यायचे, मग जाड मातीचे. ते सगळं सावलीत वाळवायचं, पुरतं वाळलं की भाजायचं. भाजताना मेण वितळून बाहेर येतं आणि मातीच्या पोटात मूर्तीएवढी जागा मोकळी राहते. त्या जागेत पितळेचा रस ओतायचा. थंड झाला की साचा फोडायचा. साचा एकदाच कामाला येतो, दुसरी मूर्ती पाहिजे तर पहिल्यापासून सुरुवात. मग कानस, मग छिन्नी, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे कोरले की त्या मूर्तीला आमच्यात वस्तू म्हणत नाहीत.

आणि एक नियम. घरच्या पूजेचा देव भरीव असावा. पोकळ ओतायची रीतही आम्हाला येते, आत मातीचा गाभा ठेवून त्याच्यावर मेण चढवायचं. पण ते चौकातल्या पुतळ्यांना. त्यांना कोण नैवेद्य दाखवतंय? माझे वडील म्हणायचे, "मोठं घर पोकळ वासा एकवेळ चालंल, पोकळ देव चालायचा न्हाय." बाजारात असल्या मूर्ती मिळतात. वरून लखलखीत, आत राळ भरून वजन आणलेलं. गिऱ्हाईक हातात घेऊन म्हणतं, वा, जड हाय की! आमच्या घरात असली मूर्ती केलीच असती तर वडिलांनी हात मोडला असता.

मेणाचं काम माझी बायको इंदू करायची. तिच्या बोटाला जे यायचं ते मला बापजन्मात आलं नाही. मी भट्टी आणि कानस सांभाळायचो आणि दुकानात बसून कारागीर म्हणून मिरवायचो.

आमच्याकडं सगळी आपलीच दैवतं. परकी देवी पहिल्यांदा आली ती इचलकरंजीतून. तिथं नवीन माग बसवायला एक चिनी फिटर आला होता. त्यानं मोबाइल पुढं केला. त्यात एक पांढरी बाई, एका हातात सुरई, दुसऱ्या हातात झाडाची डहाळी. मोबाइलच मराठीत बोलायला लागला, "ही दयेची देवी आहे. ही रडणाऱ्यांचं ऐकते." क्वान यिन तिचं नाव. त्याच्या आईच्या घरी होती, तशी त्याला इथल्या खोलीत पाहिजे होती.

इंदूनं मेणात बाई सुंदर उतरवली आणि मग थांबली. "अवं, बाई माणूस आणि नाक मोकळं? बरं दिसतंय व्हय?" तिनं मेणाची बारीक नथ केली आणि नाकात बसवली. मलाही ते पटलं. घडवणारे आपण, आपल्याला नाही कळणार तर कुणाला?

फिटर आला, मूर्ती बघितली, आणि पोट धरून हसला. मग एकदम हात जोडले. मोबाइल बोलला, "आमची जुनी माणसं सांगतात, ही तुमच्या देशातून आली तेव्हा पुरुष होती. आमच्याकडे येऊन स्त्री झाली." मी विचारलं, "मग नथ काढू काय?" त्यानं मूर्ती छातीशी धरली आणि नको नको म्हणून मान हलवली.

गावाकडच्या विहारासाठी माझ्याकडून बुद्धाची मूर्ती नेणारे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांना मी ही गंमत सांगितली आणि विचारलं, तुमच्यात पण अशी देवी असते का हो? गुरुजी हसले. "आमच्यात देवी नाही आणि देवही नाही. बुद्ध माणूस होता. त्याच्यापुढं वाकायचं ते त्याच्या विचारापुढं." मग म्हणाले, "पण लंकेत वेगळं, नेपाळात वेगळं, तिबेटात तारा, चीनमध्ये ही तुमची नथवाली. कोण काय मानतं ते त्याला विचारावं, आबा. आपण ठरवू नये."

शहाणं बोलणं होतं. मी चहा पाजला आणि विसरून गेलो. नथ खपली म्हणून मी चढून बसलो होतो. गिऱ्हाईक काहीही मागू दे, देव कसा असावा हे आपल्याला कळतं, असं डोक्यात बसलं.

आता पेमा. दर थंडीत शाहूपुरीच्या बाजूला तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार बसतो. पेमा त्यातली. तिचं घर हुबळीच्या पलीकडं, तिबेटी लोकांच्या वसाहतीत. जन्म तिथलाच, त्यामुळं कन्नड फाडफाड. आणि वीस हिवाळे कोल्हापुरात काढल्यावर मराठी काय, आमच्यापेक्षा रांगडं. "घ्या की ओ पावणं, गरम हाय, धुतल्यावर बी आटत न्हाय!" असं ओरडायची. इंदूचं आणि तिचं पहिल्या वर्षीच जमलं. इंदू तिची अक्का झाली, म्हणून मी आपोआप दाजी. थंडी संपून जाताना ती इंदूला एक शाल द्यायची, इंदू तिला चटणीची बरणी.

एका डिसेंबरात ती दुकानात आली आणि नेहमीसारखी बडबडली नाही. पदराआडून काढावी तशी अंगरख्यातून एक तांब्याची पणती काढली. काळीकुट्ट, तुपानं चिकटलेली.

"दाजी, आमची डोल्मा करून द्या. पांढरी डोल्मा. वीतभर. आणि ही पणती त्यात वितळवा. आईची हाय. डोंगर वलांडून येताना आणलेली."

डोल्मा म्हणजे तारा. तारून नेते ती. तिनं फोटो दिला. पद्मासन, डावा हात छातीशी, त्यात कमळ, उजवा गुडघ्यावर उघडा. आणि डोळे सात. दोन नेहमीचे, एक कपाळावर, दोन तळहातांवर, दोन तळपायांवर. आयुष्य मागायचं असलं की ते लोक हिला मागतात. पेमाची आई नव्वदीला आली होती. अंथरुणाला खिळली होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाजार उठला की पेमा मूर्ती घेऊन जाणार होती. "तवर आई ऱ्हाईल," म्हणाली, "मूर्ती बघितल्याबिगार जायाची न्हाय ती."

मग तिनं मला जे सांगितलं ते आजही कानात तसंच आहे. मूर्ती आडवी धरल्यासारखा हात केला, खालून मूठ आत घातल्यासारखी केली, आणि म्हणाली, "दाजी, आतनं पोकळ पायजे. खालनं उघडी. आत भरायचं असतंय."

"व्हय व्हय," मी म्हटलं.

"पोकळ हं. विसरू नका."

दोनदा सांगितलं. याउपर माणसानं काय सांगायचं?

पण माझ्या डोक्यात बाजारातल्या राळ भरलेल्या मूर्ती. मला वाटलं, बिचारी रस्त्यावर स्वेटर विकते, पितळ कमी लागावं म्हणून पोकळ मागतेय, वर राळ भरून आईला जड मूर्ती दाखवणार. मला तिची दया आली. इंदूला म्हटलं, "आपण भरीवच करू. त्याच पैशात देऊ. आईसाठी नेतीया."

इंदू मेण मळत होती. "अवं, ती बाई सांगतीया तसं करा की. तिला इचारा तरी, आत काय भरायचं ते."

"तुला काय कळतंय? म्हातारीच्या उशाला पोकळ देव ठेवू व्हय?"

इंदू परत मेण मळायला लागली. एरवी ती ऐकून घेणारी नव्हे, पण दया दाखवणाऱ्या नवऱ्यापुढं बायकोचं काय चालतं?

मूर्ती मात्र अशी झाली की मी स्वतः बघत बसायचो. पणतीच्या तांब्यानं पितळेला लालसर रंग आला होता. सातही डोळे मी एका दिवसात कोरले. तळहातावर डोळा कोरणं म्हणजे काय ते ज्यानं कोरलंय त्यालाच कळेल. छिन्नी जरा घसरली की हाताला जखम झाल्यासारखी दिसते. एकदाही घसरली नाही. सात किलो भरली.

बाजार उठायच्या आदल्या दिवशी पेमा आली. मी मूर्ती कापडातून काढली आणि तिच्यापुढं ठेवली. तिनं आधी तोंडाकडं बघितलं, डोळे भरून आले तिचे. मला बरं वाटलं, अगदी बरं वाटलं. मग तिनं मूर्ती उचलायला हात घातला, वजनानं जरा थबकली, दोन्ही हातांनी आडवी केली आणि खालून बघितलं.

खाली सपाट पितळ.

"भरीव हाय," मी म्हटलं. "जास्ती काय घेत न्हाय मी तुझ्याकडनं. आईसाठी हाय न्हवं."

पेमा खाली बसली. बसली म्हणजे सरळ जमिनीवरच बसली. मला वाटलं आनंदानं. इंदू आतून धावत आली आणि तिला लगेच कळलं. "काय झालं पेमा? काय भरायचं हुतं त्यात?"

मग पेमानं सांगितलं. तिची आई तरुणपणी तिबेटातून डोंगर ओलांडून आली तेव्हा घरच्या देव्हाऱ्यात पांढऱ्या डोल्माची मूर्ती होती. उचलून नेण्यासारखी नव्हती. आईच्या वडिलांनी मूर्तीचा तळ उघडला, आतलं बाहेर काढलं, फडक्यात बांधलं आणि पोरीच्या पाठीवर दिलं. आत प्रार्थना लिहिलेल्या कागदाच्या गुंडाळ्या, थोडं धान्य, एक चंदनासारखी काडी, आणि कुणा मोठ्या लामाच्या वस्त्राचा तुकडा. मूर्ती तिथंच राहिली. वडीलही तिथंच राहिले. ते फडकं आईनं आयुष्यभर उशाशी ठेवलं. इकडं येऊन डोंगरात रस्ते फोडायच्या कामावर होती तेव्हा कमरेला. मूर्ती करायची ऐपत आली तोवर आई आजारी.

"आतलं म्हंजे डोल्मा," पेमा म्हणाली. "बाहेरचं नुसतं पितळ, दाजी. आईला ते आत गेलेलं बघायचं हाय. तेवढ्यासाठी थांबलीया ती."

माणूस चुकतो तेव्हा आधी चिडतो. मी पण चिडलो. "मग नीट सांगायचं न्हाय व्हय!" असं ओरडलो. इंदूनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. पेमानं दोनदा सांगितलं होतं आणि आम्ही दोघांनी ऐकलं होतं.

खालून भोक पाडू, असं मी म्हटलं. यंत्रावर धरून पोखरता आलं असतं. पेमानं वसाहतीतल्या लामांना फोन लावला. ते म्हणाले, पोखरलेली नको, शक्य असेल तर नव्यानं ओता. नव्यानं ओतायचं म्हणजे दुसरं पितळ घेता आलं असतं, पण पणती? पणती या सात किलोत मिसळून गेली होती. तिच्यातलं तांबं परत मिळवायचं तर एकच वाट होती, हीच मूर्ती वितळवायची.

झिजलेले टाक आम्ही वितळवतो. लोक आणून देतात, नवीन करून नेतात. पण त्याला घरच्यांनी आधी निरोप दिलेला असतो, नारळ फोडलेला असतो. धडधाकट, कालच डोळे उघडलेली देवी मुशीत टाकायची? तोवरच्या इतक्या वर्षांत केलं नव्हतं. वडिलांच्या काळात कुणी केल्याचं ऐकलं नव्हतं.

पेमा दुसऱ्या दिवशी गाडीनं गेली. आई एकटी होती. जाताना मी म्हटलं, "महिन्याच्या आत मी घेऊन येतो. मी सोता येतो." ती म्हणाली, "लवकर या, दाजी." शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

वितळवायच्या दिवशी सकाळी मी भट्टी पेटवली आणि मूर्ती समोर ठेवून बसलो. सात डोळे. कपाळावरचा तर सरळ माझ्याकडंच बघत होता. मी उठलो, पाणी प्यालो, परत बसलो, परत उठलो. हात धजेना. इंदू आतून आली. हातात ताट, त्यात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू.

"काय करतीस?"

"ओटी भरते. लेक सासरी पाठवताना रिकामी पाठवत्यात व्हय?"

तिनं त्या सात किलोच्या तारेच्या मांडीवर खण ठेवला, तांदूळ वाहिले, कुंकू लावलं. म्हणाली, "आई, आमच्या अडाण्याला माफ कर. तुझं सामान तिकडं वाट बघतंय. जाऊन ये." मग ओटीतले तांदूळ परत काढून कागदाच्या पुडीत बांधून घेतले आणि मला म्हणाली, "घाला आता." मी डोळे मिटून घातली. मेल्या वडिलांची आठवण आली आणि हात पोळल्यासारखा मागं घेतला.

नवं मेण इंदूनं चार दिवसांत केलं, यावेळी आत मातीचा गाभा ठेवून. आणि मग मी दुसरी चूक केली. पेमाचा रोज फोन यायचा. "आई दूध घेत न्हाय." "आई आज बोलली न्हाय." माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गाभा असला की माती आतून वाळायला जास्त दिवस लागतात, हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ माणसाला माहीत असतं. मी घाई केली. रस ओतला आणि आत राहिलेल्या ओलीची वाफ झाली. साचा फुटला. पितळ वर उडालं. माझ्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत डाग आहे तो त्याचाच. इंदू बाजूला होती म्हणून वाचली.

हात पाण्यात बुडवून मी बसलो होतो आणि इंदू खाली वाकून जमिनीवरची माती झाडूनं गोळा करत होती. पितळेचे मणी सगळीकडं उडाले होते, भिंतीत, लाकडाच्या फटीत. "राहू दे," मी म्हटलं. "नवीन पितळ घेऊ."

"पणती यात हाय," ती म्हणाली. दोन दिवस तिनं माती चाळली, पाण्यात धुतली. ज्वारीएवढा मणी दिसला तरी उचलला. मग तिसऱ्यांदा मेणाला बसली. एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. म्हणायला पाहिजे होतं. मी तिला कधी हे बोललो नाही आणि आता ती नाही. तीन वर्षं झाली. तिच्या जाण्याबद्दल मी लिहिणार नाही, तेवढं बळ नाही. पण दुकानाच्या पाटीवर नाव माझं होतं आणि बोटं तिची होती, एवढं तरी छापा.

तिसरा साचा मी सतरा दिवस हलवला नाही. फोन आला की म्हणायचो, वाळतंय. पेमा म्हणायची, बरं. मूर्ती निघाली तेव्हा डाव्या दंडाजवळ रस जरा कमी पोचला होता, खड्डा राहिला होता. तो बुजवला. भाजलेल्या हातानं डोळे कोरले, पहिल्यासारखे नाही आले. उजव्या तळव्यावरचा जरा तिरका गेला. आतली गाभ्याची माती सळईनं खरवडून काढली. वजन केलं, अडीच किलोला जरा कमी. मनात म्हटलं, पहिली किती देखणी होती. मेलेल्या पोराची तुलना जिवंत पोराशी करू नये, पण होते.

बसनं बेळगाव, तिथून हुबळी, तिथून पुढची बस. मूर्ती मांडीवर, इंदूची तांदळाची पुडी खिशात. पेमाचा सकाळपासून फोन लागत नव्हता. वाटेत मला एकच घोर, उशीर झाला असणार. उतरलो तर पेमा रस्त्यावरच उभी होती. तिनंच आधी सांगितलं. "हाय अजून. पण डोळ्यानं दिसत न्हाय आता. परवापासनं."

बघायचं म्हणून थांबली होती ती, आणि बघायचेच डोळे गेले. सतरा दिवस, आणि त्याच्या आधी माझ्या घाईनं गेलेले दिवस, आणि त्याच्याही आधी माझ्या दयेनं गेलेला सगळा हिवाळा. मी सामान खाली ठेवलं आणि तिथंच रस्त्याकडेला बसलो. पेमानं हाताला धरून उठवलं.

खोलीत म्हातारी अंथरुणावर. एवढीशी. एक तरुण लामा कन्नडमध्ये माझ्याशी बोलले, तेवढं मला कळतं, पाणी दिलं. मग कामाला बसले. पेमानं आईच्या उशाखालचं फडकं काढलं, पण आईनं ते सोडलं नाही. स्वतःच्या हातानं सोडवलं. गाठ सुटायला वेळ लागला, कुणी मदत केली नाही. एकेक गुंडाळी ती चाचपायची, ओठ हलवायची आणि लामांच्या हातात द्यायची. काडी उभी बसली. गुंडाळ्या तिच्याभोवती. धान्य. वस्त्राचा तुकडा. मी खिशातली पुडी काढली, आत घालायची की नाही ते कळेना. हळद लागलेले तांदूळ, परक्या घरातली ओटी. लामांनी विचारलं काय आहे. मी सांगितलं, माझ्या बायकोनं दिलंय. त्यांनी म्हातारीला तिच्या भाषेत विचारलं. तिनं हात पुढं केला, तांदूळ तळव्यावर घेतले आणि तेही दिले.

तळाला तांब्याचा पत्रा बसवला. जप सुरू झाला, बराच वेळ चालला. मला काही कळत नव्हतं. मी मूर्तीचा तिरका डोळा बघत होतो आणि तोंड लपवावंसं वाटत होतं.

मग लामांनी मूर्ती म्हातारीजवळ ठेवली. तिनं बोटांनी बघितली. तोंड, कपाळ, कपाळावरचा डोळा. तळहातावरचा. बोट तिथं थांबलं, परत फिरवलं. तळपाय. आणि मग तिनं दोन्ही हात मूर्तीच्या खाली घातले. पेमा पुढं झाली, पण म्हातारीनं मान हलवली. हातांच्या शिरा वर आल्या होत्या. तिनं मूर्ती उचलली. एकटीनं उचलली, छातीपर्यंत नेली, मग कपाळापर्यंत, आणि कपाळाला लावून धरली.

सात किलो असती तर तिला हललीही नसती.

मी तिथंच रडायला लागलो. लाज नाही वाटली. पेमा पण रडत होती. म्हातारी मूर्ती कपाळाला लावूनच काहीतरी बोलली, अगदी हळू. मी पेमाला विचारलं, काय म्हणतीया?

पेमानं डोळे पुसले. "म्हणतीया, बाबानं पाठीवर दिलं तवापासनं मीच हिला उचलून हाय. आता हिनं मला उचलायचं."